विहीणबाई सायकलवर

राजरत्न गमरे यांना सायकल येत होती, यात काही वाद नाही. वाद होता तो शेवटची कधी आली होती, एवढ्यापुरता. एकदा शिकलेली सायकल माणूस विसरत नाही, असं गमऱ्यांचं म्हणणं. माणूस विसरत नाही पण गुडघे विसरतात, असं त्यांच्या पत्नीचं, म्हणजे चंपाबाईंचं म्हणणं. टेलिफोन खात्यातून ऑफिस सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या गुडघ्यांबद्दल चारचौघांत असं बोलू नये. पण चंपाबाईंना चारचौघे कधी आड आलेले नाहीत.

सगळ्याची सुरुवात एका फोनने झाली. गमऱ्यांची एकुलती एक मुलगी संघमित्रा, म्हणजे घरातली मितू, नोकरीसाठी हॉलंडमधल्या उत्रेख्त गावी होती आणि तिथल्याच टोमास नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. लग्न डिसेंबरात, परळलाच व्हायचं होतं. त्याआधी एप्रिलमध्ये मितूचा फोन आला.

"पप्पा, टोमासची आई केरळला आलीय फिरायला. परत जाताना आपल्याकडे राहणार आहे. तिला आपलं घर बघायचंय."

"येऊ दे की. गाडी सांगून ठेवतो. गेटवे, म्युझियम, राणीचा बाग..."

"नाही रे पप्पा! गाडीबिडी काही नको. ती कुठेही गेली ना, की सायकलवर शहर बघते. आणि तिथली माणसं जे खातात ते खाते. तू जाशील ना सोबत?"

इथे सरळ नाही म्हणता आलं असतं. पण साठी ओलांडलेली एक बाई सातासमुद्रापलीकडून येऊन मुंबईत सायकल चालवणार, आणि मुलीचा बाप टॅक्सीत बसून तिच्या मागे मागे येणार, हे चित्र काही गमऱ्यांना सहन होईना. "जाईन की. त्यात काय एवढं," ते म्हणाले. स्वयंपाकघरात चंपाबाईंच्या हातातला कालथा थांबल्याचं त्यांना ऐकू आलं.

खरं सांगायचं तर त्यांना काळजी सायकलची नव्हतीच. काळजी लावली होती सीताराम परबांनी. परब म्हणजे समोरच्या दाराचे शेजारी. जुन्या चाळीतही समोरच होते. चाळ पाडून टॉवर झाला, खोल्यांचे फ्लॅट झाले, तरी चिठ्ठ्या टाकून पुन्हा समोरच आले. शिवाय आता ते सोसायटीचे सेक्रेटरी होते.

"राजा, वायंच आयक," परब एकदा दारात उभे राहून म्हणाले होते. "माझो भाचो जावन इलो थंय हॉलंडाक. कोणाच्या घराक गेलास तर कॉफी देतत. बिस्किटाचो डबो उघडतत, एक बिस्कीट देतत आणि झाकण लावतत. दुसरा नाय. आणि जेवणाची वेळ झाली की तोंडार सांगतत, आमी आता जेवूक बसतंव."

"मग?"

"मग काय? आपण उठान घराक जावचा."

तेव्हापासून ते झाकण गमऱ्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. त्यांच्या घरात एक रीत होती. जेवायला बसण्याआधी, जो घरात नाही त्याचा वाटा वाटीत काढायचा आणि वर बशी पालथी घालायची. ही रीत चंपाबाईंच्या सासूपासूनची. तेव्हा घरातलं कुणी गिरणीत पहिल्या पाळीला असे, कुणी रात्रपाळीला, आणि सगळी माणसं एका वेळी पानावर कधीच नसत. त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या नावाची वाटी झाकलेली असायचीच. आधी काढायचं आणि मग अन्नाला हात लावायचा. जेवून झाल्यावर उरलेलं काढलं तर ते उष्टं, आणि उष्टं आपल्या माणसाला द्यायचं नाही. पुढे गिरण्या गेल्या, चाळ गेली, सासूही गेली, पण वाटी राहिली.

मितू हॉलंडला गेली त्या दुपारी चंपाबाईंनी सवयीने तिची वाटी काढली. "चुकून काढली गं बाई," असं स्वतःशीच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकल्या. मग रोजच चुकू लागल्या आणि हळूहळू चुकले म्हणायच्याही बंद झाल्या. अन्न टाकायचं नाही ही घरातली दुसरी रीत असल्याने ती वाटी संध्याकाळी गमऱ्यांना खावी लागे. मुलीच्या विरहाने माणसं वाळतात म्हणतात. गमऱ्यांना पँटी सैल करून घ्याव्या लागल्या.

तर अशा घरातली मुलगी, डब्याला झाकण लावणाऱ्या घरात जाणार. ती कधी दमून येईल, कधी आजारी असेल, कधी उगाचच तिला रडू येत असेल, तेव्हा 'जेवलीस का' म्हणून तिला तिथे कोण विचारणार? हे टोमासला विचारण्याइतकं गमऱ्यांचं इंग्रजी मऊ नव्हतं आणि मितूला विचारलं की ती नुसती हसायची. विहीणबाई आता स्वतःच येत होत्या. तेव्हा त्यांच्यासोबत फिरून, खाऊन, काय ते डोळ्यांनी बघून घ्यावं, असं गमऱ्यांनी ठरवलं. सायकल हे फक्त निमित्त होतं. पण या निमित्ताला चाकं लागत होती, आणि तिथून त्यांचे हाल सुरू झाले.

पहिल्यांदा त्यांनी मोबाईलवरून भाड्याने मिळणारी सायकल घ्यायचं ठरवलं. अ‍ॅपने फोन नंबर मागितला. खात्याशी निष्ठा म्हणून गमऱ्यांनी घरातली लँडलाइन अजून ठेवलेली होती. त्यांनी अभिमानाने तोच नंबर दिला. अ‍ॅप ओटीपी पाठवत राहिलं आणि गमरे हॉलमध्ये फोनशेजारी खुर्ची टाकून बसून राहिले. बऱ्याच वेळाने फोन वाजला तेव्हा त्यांनी झडप घातली. चिंचपोकळीहून त्यांची थोरली बहीण गंगूताई बोलत होती आणि विहीणबाईंना मासे चालतात का, असं विचारत होती.

शेवटी परबच मदतीला धावले. त्यांच्या नातीची, श्रेयाची, सायकल घरचीच होती. दुसरी, चांगली गिअरची, त्यांचा भाचा वडाळ्याहून पाठवणार होता. पण बाहेरचं वाहन आवारात ठेवायचं म्हणजे सोसायटीची परवानगी हवी, आणि परवानगी द्यायची परबांनीच.

"वाहन क्रमांकाचो रकानो मोकळो आसा," अर्ज हातात घेऊन परब म्हणाले.

"सीताराम, सायकलला नंबर नसतो."

"ता माका म्हायत आसा. पण रकानो मोकळो सोडूक जमाचा नाय. ऑडिट आसा."

गमऱ्यांनी रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. परबांनी अर्ज परत केला. लागू नाही हे कशावरून, त्याचा पुरावा जोडावा. गमऱ्यांनी ते वाक्य लगेच ओळखलं, कारण ते त्यांचं स्वतःचं होतं. याच वाक्याने त्यांनी खात्यात असताना अनेकांचे अर्ज मागे पाठवले होते, आणि त्यात टेलिफोन जोडणीसाठी आलेला एक अर्ज सीताराम परबांचाही होता. त्या काळी फोनसाठी परबांनी बरीच वाट बघितली होती आणि ती वाट ते विसरले नव्हते, एवढंच म्हणायचं. अखेर वडाळ्याहून आलेल्या सायकलखाली गमरे पार्किंगमध्ये फरशीवर उताणे पडले, नाकावर चष्मा चढवला आणि पेडलच्या मागे कोरलेला बारीक नंबर वाचून आले. परबांनी तो रकान्यात लिहिला, शिक्का मारला आणि मग लगेच चहा मागवला.

श्रेयाची सायकल जांभळी होती. तिच्या मुठींना चंदेरी झिरमिळ्या होत्या आणि पुढे एक टोपली होती. गमऱ्यांनी सराव पार्किंगमध्ये, लोक कामाला गेल्यावर करायचा ठरवला. पण लोक कामाला गेले तरी लोकांच्या आया घरी असतात. "चाकाकडे नको, पुढे बघा गमरेभाऊ!" "कमरेत वाकू नका!" "ब्रेक आधी मागचा!" असे सल्ले वेगवेगळ्या मजल्यांवरून पडत राहिले. ज्यांना स्वतःला सायकल येत नव्हती त्यांचे सल्ले जास्त ठाम होते. गमरे कुणाकडेही न बघता गोल गोल फिरले आणि शेवटी वॉचमनच्या स्टुलाला धरून उतरले.

विहीणबाई शनिवारी दुपारी आल्या. त्यांचं नाव मारिके. पांढरे आखूड केस, अंगाने सडपातळ, उंची इतकी की आत येताना त्यांनी उगाचच मान वाकवली. दारात त्यांनी हात जोडले आणि स्वच्छ "जयभीम" म्हणाल्या. मितूने शिकवलं होतं. चंपाबाई तिथल्या तिथे विरघळल्या. गमरेही विरघळणार होते, पण ते पाहणीवर होते.

चहा झाला. परब अर्थातच हजर होते. मग मारिकेबाईंनी पिशवीतून बिस्किटांचा एक गोल निळा डबा काढला, "तुमच्यासाठी," म्हणाल्या आणि तो उघडला. आत मधोमध पाक भरलेली जाळीदार बिस्किटं होती. त्यांनी चंपाबाईंना एक दिलं, गमऱ्यांना एक दिलं, परबांना एक दिलं.

आणि झाकण लावलं.

परबांनी गमऱ्यांकडे पाहिलं. गमऱ्यांनी छताकडे पाहिलं. बिस्कीट गोड होतं, पण त्यांनी ते औषधासारखं चावून संपवलं.

त्याहून मोठा धक्का सकाळी बसला. निघायच्या तयारीत असताना मारिकेबाई चंपाबाईंना म्हणाल्या, "तो निळा डबा मला मिळेल का? रिकामा चालेल." गमऱ्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. भेट दिलेला डबा दुसऱ्या दिवशी परत मागणारं माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. चंपाबाईंनी शांतपणे बिस्किटं स्टीलच्या डब्यात ओतली, निळा डबा पुसला आणि त्यात नाचणीचे दोन लाडू ठेवून दिला.

"अगं, रिकामा मागितलाय त्यांनी," गमरे कुजबुजले.

"आपल्या घरातून रिकामा डबा जात नाही," चंपाबाई म्हणाल्या. "त्यांनी काय मागावं ते त्यांचं. आपण काय द्यावं ते आपलं."

रविवारी सकाळी दोन सायकली परळहून निघाल्या. मारिकेबाई पाठ ताठ ठेवून, बागेत फिरायला निघाल्यासारख्या पुढे. मागे झिरमिळ्या फडफडवत गमरे, गुडघे दोन्ही बाजूंना फाकवून, कारण श्रेयाच्या सायकलची सीट वर चढायला तयार नव्हती. बाई वळायच्या आधी हात लांब करून खूण करत. त्यांच्या देशात याचा अर्थ मी वळते आहे असा होतो. मुंबईत याचा अर्थ टॅक्सी हवी आहे असा होतो. लालबागपर्यंत त्यांच्यासाठी कितीतरी टॅक्सीवाले थांबले, आणि एकदा तर स्टॉप नसलेल्या जागी एक बससुद्धा उभी राहिली. प्रत्येकाची माफी मागायचं काम मागून येणाऱ्या गमऱ्यांकडे होतं.

"किती सभ्य शहर आहे," बाई वळून म्हणाल्या. "सगळे थांबून जागा देतात."

लालबागला गमऱ्यांनी चिवडा-लाडूच्या दुकानांकडे जायचं ठरवलं होतं. पण बाईंनी मसाल्याच्या गल्लीकडे बघितलं आणि हात लांब केला. एप्रिल म्हणजे वर्षाचा मसाला कुटून घ्यायचे दिवस. कांडपयंत्रं धडधडत होती, मिरच्यांची पोती रस्त्यावर आली होती आणि हवेला तांबूस रंग चढला होता. बाई निवांत पुढे गेल्या. गमऱ्यांना पहिली शिंक आली तेव्हा त्यांनी एक हात सोडला, दुसरी आली तेव्हा डोळे मिटले, आणि तिसऱ्या शिंकेला ते सायकलसकट बेडगी मिरचीच्या उघड्या पोत्यात बसले. त्यातून उठलेल्या धुरळ्याने गल्लीतलं प्रत्येक माणूस शिंकू लागलं.

"काका, मिरची हातात घेऊन बघतात," पोत्याची मालकीण नाकाला पदर लावून म्हणाली, "बसून नाय बघत."

मारिकेबाईंनी त्यांना उठवलं, पँटवरची मिरची झटकली, पाणी दिलं. बाई म्हणून त्या वाईट नव्हत्या, हे गमऱ्यांना मान्य करावं लागलं. पण पलीकडच्या दुकानात चिवड्याचा पुडा हातात आल्यावर त्यांनी काय केलं? एकही दाणा तोंडात न टाकता आधी निळा डबा उघडला, कागदात बांधून अर्धा चिवडा आत ठेवला आणि झाकण लावलं. मग उरलेला अर्धा चवीने खाल्ला. गमरे बघत राहिले. एवढ्याशा पुड्यातही हात राखून खाणारी ही बाई, आपल्या मितूच्या ताटात काय वाढणार?

चिंचपोकळीला थांबायचं ठरलं नव्हतं. पण परबांनी सोसायटीच्या ग्रुपवर सगळा रस्ता आधीच टाकला होता, तिथून तो कुठे कुठे गेला होता, आणि गंगूताई चाळीच्या फाटकात काठी आडवी धरून उभी होती.

"माझ्या दारावरून जानार आनि आत नाय येनार? राजा, तुला मी कडेवर खेळवलाय."

वर ताटं तयारच होती. नाचणीची गरम भाकरी, कुळथाची पिठी, सुक्या बोंबलाची चटणी. मारिकेबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या, ताटाकडे बघून हसल्या आणि अन्नाला तोंड लावायच्या आधीच भाकरी बरोबर मधून मोडली. अर्धी भाकरी आणि अर्धी चटणी डब्यात गेली. झाकण लागलं.

गंगूताईचा चेहरा उतरला. "राजा, बाईला आवडला नाय रे," ती हळूच म्हणाली. "खावच्या आधीच बाजूला काढलानी."

"आवडलं गं ताई. त्यांच्याकडे तशी पद्धत आहे," गमरे म्हणाले. आपण विहीणबाईंची बाजू का घेतोय हे त्यांना कळेना. ताईने पहाटे उठून बोंबील भाजले होते, आणि तिचा तो उतरलेला चेहरा त्यांच्या मनातून जाईना.

पुढच्या रस्त्याला गमऱ्यांच्या मागे कुत्री लागली, कारण निळ्या डब्याच्या झाकणातून बोंबलाचा वास येत होता आणि डबा आता श्रेयाच्या टोपलीत होता. भायखळ्याला त्यांची चेन पडली. ती लावताना हात काळे झाले, ते हात कपाळाला लागले आणि तोवर कुत्री टोपलीत नाक घालायला आली. बाईंनी कुत्र्यांना प्रेमाने हाक मारली. गिरगावात पोचले तेव्हा टेलिफोन खात्याचे माजी ऑफिस सुपरिंटेंडंट वरून काळे, खालून तांबडे झाले होते आणि लंगडत होते.

एका जुन्या हॉटेलात ते पंख्याखाली बसले. पियूष आलं, साबुदाणा वड्याची प्लेट आली. प्लेटमध्ये दोन वडे होते. मारिकेबाईंनी एक वडा उचलला आणि दुसऱ्या हाताने डब्याचं झाकण उघडलं.

तिथे गमऱ्यांचा बांध फुटला.

"मॅडम," ते ऑफिसातल्या इंग्रजीत म्हणाले, "मी आपणास एक प्रश्न विचारू इच्छितो."

"विचारा ना."

"माझी मुलगी आपल्या घरी आली, आणि जेवणाची वेळ झाली, तर आपण तिला काय सांगता?"

प्रश्न मोठ्याने विचारला गेला होता. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब मिसळ खायचं थांबलं. गमऱ्यांना वाटलं आपण आता सगळं बिघडवलं, लग्नसुद्धा मोडेल. पण विचारायचं होतं ते विचारून झालं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मिरचीचं आहे असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

मारिकेबाईंनी वडा डब्यात ठेवला. झाकण लावलं नाही.

"ती पहिल्यांदा आली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते," त्या म्हणाल्या. "टोमास उशिरा येणार होता. न सांगता आली. मी तिला म्हटलं, आम्ही आता जेवायला बसणार आहोत. आमच्याकडे याचा अर्थ असा, की आता तुम्ही निघा."

"मला माहीत आहे," गमरे म्हणाले.

"मितूला माहीत नव्हतं. ती म्हणाली, 'अरे वा!' आणि उठून ताटं मांडायला लागली."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. गमऱ्यांना मितू दिसली. परळमध्ये कुणाच्याही घरात शिरून, मांडणीवरचं ताट स्वतः काढून घेणारी.

"मी मोजून बटाटे उकडले होते. काय करावं मला समजेना. आणि तेवढ्यात ती काय करते, तर आम्ही सुरू करायच्या आधी त्यातला एक बटाटा वाटीत काढते, वर बशी उपडी ठेवते. म्हणाली, हा टोमासचा. मी म्हटलं, तो बाहेर खाऊन येईल. ती म्हणाली, येऊ दे, तरी काढायचा. त्या घरात मी सून म्हणून आले, टोमासला वाढवलं, नवरा गेला, पण कुणी कुणासाठी बटाटा झाकून ठेवला नव्हता. वाईट माणसं नव्हतो आम्ही. सुचलं नाही, इतकंच."

त्यांनी पियूषचा एक घोट घेतला.

"आता दर शुक्रवारी ती येते. उशीर झाला तर मी तिचं काढून ठेवते. एकदा जेवून झाल्यावर काढलं, तर रागावली. मला शब्द शिकवला." त्यांनी आठवून, जीभ नीट लावून म्हटलं, "उष्टं. आधी काढायचं, मग खायचं. बरोबर ना?"

गमऱ्यांनी नुसती मान हलवली. मारिकेबाईंनी निळा डबा त्यांच्यापुढे सरकवला. आत चंपाबाईंच्या दोन लाडवांपैकी एक होता. लालबागचा चिवडा होता, गंगूताईची अर्धी भाकरी होती, बोंबलाची चटणी होती आणि वर नुकताच ठेवलेला गरम वडा होता.

"हे तिचं आहे," त्या म्हणाल्या. "मी इथे तिच्या गावात एकटी खात होते. तिचा वाटा नको का काढायला?"

गमऱ्यांनी आपल्या काळ्या हातांनी प्लेटमधला उरलेला वडा मोडला, मोठा तुकडा बाईंपुढे ठेवला आणि म्हणाले, "खा. गार होईल." ते हे मराठीत म्हणाले. बाईंनी खाल्ला.

"आणि काल बिस्किटांच्या डब्याला झाकण का लावलंत?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. एकदा पाहणी सुरू केली की फाईल बंद करावी लागते.

"तुमच्या हवेत ती मऊ पडतील असं मितू म्हणाली होती. का? कुणाला अजून हवं होतं का?"

परतताना गुडघ्यांनी ठाम नकार दिला. गमऱ्यांनी टॅक्सी केली, टपावर श्रेयाची सायकल दोरीने बांधली आणि मारिकेबाईंच्या मागे मागे परळची वाट धरली. बाईंनी दर वळणाला हात लांब केला आणि दर वळणाला त्यांचा टॅक्सीवाला चुकून थांबला. "चलो भैया, वो अपनीच है," गमरे मागून सांगत होते. टपावर झिरमिळ्या फडफडत होत्या, लोक बघत होते. त्यांना काही वाटलं नाही. चिंचपोकळीला मात्र त्यांनी टॅक्सी थांबवली आणि लंगडत वर जाऊन गंगूताईला सगळं सांगून आले. ताईने ऐकलं, नाक ओढलं आणि मितूसाठी बोंबलाचा आणखी एक पुडा बांधून दिला.

त्याच संध्याकाळी मारिकेबाई विमानाने गेल्या. निघताना परबांनी त्यांना सोसायटीतर्फे नारळ दिला आणि सायकल बाहेर नेल्याची नोंद वहीत घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मितूचा फोन आला. "पप्पा, डबा मिळाला. सगळ्या घराला बोंबलाचा वास सुटलाय! टोमासने खिडक्या उघडल्यात. आणि वडा शिळा झाला होता तरी खाल्ला मी." मग हळू आवाजात म्हणाली, "आत्याच्या भाकरीवर तिच्या बोटांचे ठसे आहेत रे पप्पा." गमऱ्यांनी फोन पुढे केला. तो चंपाबाईंनी घेतला आणि नेहमीसारखा वरणात हिंग घालतेस की नाही यावर आणला.

मग जेवणाची ताटं घेतली. गमरे पाटावर बसले. चंपाबाईंनी आधी मितूची वाटी काढली, वर बशी पालथी घातली. मग मांडणीवरून आणखी एक वाटी काढली आणि तिच्यातही तेवढीच भाजी वाढली.

"ही कुणाची?"

"विहीणबाईंची."

"अगं, त्या पोचल्या ना घरी."

"मितू पण पोचलीय की," चंपाबाई म्हणाल्या आणि दुसरी बशी पालथी घातली.

संध्याकाळी गमऱ्यांनी दोन्ही वाट्या पुसून संपवल्या, पँटचा हूक सैल केला आणि परबांच्या दारात जाऊन श्रेयाची सायकल मागितली.